हजार तास कुणाच्या हाताखाली काढणार?

“ताई, नमस्कार. मी फ्रीमाँटला राहते, वय ३९. पुण्यात बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी आणि मग हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये मास्टर्स केलं. तिथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात सहा वर्षं ऑपरेशन्स सांभाळलं. इकडे आल्यावर एच-फोरवर, म्हणजे नवऱ्यामुळे मिळालेल्या व्हिसावर, घरीच होते, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. शेजारच्या आजोबांना भेटायला नर्सिंग होममध्ये जायचे, तिथल्या ॲडमिनिस्ट्रेटर बाईंचं काम बघून वाटलं, हे आपल्याला जमेल. पण चौकशी केली तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एक म्हणतो, इथली मास्टर्स पुन्हा करा. एक कन्सल्टंट साडेचार हजार डॉलरमध्ये ‘लायसन्सची गॅरंटी’ देतोय. हजार तास बिनपगारी राबावं लागतं असंही ऐकलं. त्यात दोन-तीन वर्षांत नवऱ्याची बदली ऑस्टिनला होऊ शकते. आणि सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘एवढं शिकून वृद्धाश्रमात मॅनेजर?’ काय करू?”

— एक वाचक, फ्रीमाँट

कन्सल्टंटला दुरूनच रामराम करा. बाकीचं सावकाश बोलू.

नर्सिंग होम, म्हणजे इथे चोवीस तास नर्सची देखरेख लागणाऱ्यांची जागा. ती चालवणाऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरला परवाना लागतो आणि कॅलिफोर्नियात तो राज्याचं सार्वजनिक आरोग्य खातं देतं. त्यांच्या नर्सिंग होम ॲडमिनिस्ट्रेटर प्रोग्रामचं ऑफिस सॅक्रामेंटोला आहे. अर्ज तिथे, कागदपत्रं तिथे, शंकाही तिथेच विचारायच्या. मधल्या माणसाच्या हातात काहीच नसतं, त्यामुळे गॅरंटी कसली देणार? परीक्षेच्या तयारीचे क्लासेस मिळतात आणि ते घ्यायला हरकत नाही. पण ‘परीक्षेची तयारी करून घेतो’ म्हणणारा वेगळा आणि ‘लायसन्स मिळवून देतो’ म्हणणारा वेगळा. आपल्याकडे आरटीओबाहेर उभे असतात, त्यांची ही सुधारलेली आवृत्ती.

आता तुमची डिग्री. परत मास्टर्स करायची गरज मला दिसत नाही. राज्याच्या नियमांत पात्रतेच्या वाटा एकाहून अधिक आहेत आणि तुमच्या कामाच्या दोन. पहिली अशी: आरोग्य व्यवस्थापनातली मास्टर्स आणि त्याच अभ्यासक्रमात नर्सिंग होममध्ये किमान ४८० तासांची इंटर्नशिप. तुमची इंटर्नशिप मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलात झाली असणार, म्हणजे ही वाट बंद. (इथेच लोक घाबरून दुसऱ्या मास्टर्सला नाव घालतात आणि वीस-तीस हजार डॉलर घालवून बसतात.) दुसरी वाट बॅचलर्स डिग्री आणि १,००० तासांच्या प्रशिक्षणाची. त्याला सगळे एआयटी म्हणतात, ॲडमिनिस्ट्रेटर-इन-ट्रेनिंग. ही वाट तुमची.

बॅचलर्सच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. इथल्या चार वर्षांच्या डिग्रीइतकी धरायची की नाही, यावर परदेशी डिग्रींचं मूल्यांकन करणाऱ्या इथल्या संस्थांचं एकमत नाही. नुसती बी.एस्सी. असती तर मी जरा काळजीत पडले असते. वर दोन वर्षांची मास्टर्स आहे म्हणून तुमचा पाया भक्कम आहे. मूल्यांकन विषयवार करून घ्या. नुसतं ‘अमुक डिग्री तमुक डिग्रीसमान’ असं एका ओळीचं पत्र स्वस्तात पडतं, पण उद्या दुसऱ्या राज्याने “यात फायनान्स किती क्रेडिट्सचं होतं?” असं विचारलं की पुन्हा पैसे भरावे लागतात.

कागदपत्रांत तुमची दमछाक होणार आहे ती नावापायी. मार्कशीटवर माहेरचं आडनाव आणि मध्ये वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मध्ये नवऱ्याचं. ग्रीन कार्डावर मधलं नाव कधी असतं, कधी उडालेलं असतं. इथल्या कारकुनाच्या दृष्टीने या तीन निरनिराळ्या बायका. मॅरेज सर्टिफिकेटची इंग्रजी प्रत आणि नावबदलाचं प्रतिज्ञापत्र पहिल्या दिवसापासून फाइलला जोडून ठेवा. शिवाय तुमच्या डिग्रीवर ‘पुणे विद्यापीठ’ असेल आणि ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला अधिकृत गुणतक्ता) येईल ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठा’च्या नावाने, कारण २०१४ मध्ये नामविस्तार झाला. मूल्यांकन करणाऱ्यांना ते ठाऊक असतं. तरी अर्जात एक ओळ लिहून टाका, फुकटचे चार आठवडे वाचतील.

मग येतात ते हजार तास. तुम्ही पत्रात त्यांचा उल्लेख ‘राबावं लागतं’ असा एका वाक्यात उरकलाय. मला वाटतं तुमचा सगळा विचार तिथेच खर्च व्हायला हवा.

हिशेब सोपा आहे. आठवड्याला ४० तास धरले तर २५ आठवडे, म्हणजे जवळजवळ सहा महिने. हे तास मान्यताप्राप्त प्रीसेप्टरच्या, म्हणजे प्रशिक्षण देण्याची परवानगी असलेल्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या हाताखाली काढायचे असतात आणि अर्ज मंजूर झाल्यावरच ते मोजायला लागतात. कुणी म्हणालं, “उद्यापासून या, कागद मागाहून करू,” तर जाऊ नका. ते तास वाया जातात. पगाराचं म्हणाल तर ठरलेलं असं काही नाही. कुठे एक छदाम मिळत नाही. नर्सिंग होमच्या काही मोठ्या साखळ्या एआयटींना रीतसर पगार देतात, पण पुढे त्यांच्याच एखाद्या इमारतीत, सांगतील त्या गावात जायची तयारी ठेवावी लागते. (एच-फोरवरच्या मैत्रिणींनो, वर्क परमिट हातात नसेल तर ‘बिनपगारी आहे, चालेल की’ असं समजून यात उतरू नका. आधी वकिलाला विचारा.)

आता त्या तासांत काय असतं ते सांगते. मी २००५ मध्ये एआयटी होते. सुमारे १२० खाटांची इमारत, नाव सांगत नाही. दुसराच आठवडा, सकाळचे साडेआठ. नवा ब्लेझर घालून मी सकाळच्या मीटिंगला वही उघडून बसलेली. तेवढ्यात एक नर्सिंग असिस्टंट धावत आली: २१४ नंबरच्या आजींची कवळी सापडत नाही. आजींना सवय होती, खाऊन झालं की कवळी कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून ट्रेमध्ये ठेवायची. ट्रे गेला स्वयंपाकघरात, नॅपकिन गेला कचऱ्यात. माझे प्रीसेप्टर साठीचे फिलिपिनो गृहस्थ होते. त्यांनी मीटिंग तिथेच थांबवली, कोट खुर्चीला अडकवला, हातमोजे चढवले आणि मागच्या दाराने थेट कचऱ्याच्या डब्यापाशी. मी मागे. अंड्याची साल, ओट्सचा लगदा, भिजलेली कॉफी. सात पिशव्या उपसल्या. कवळी काही मिळाली नाही.

हात धुताना त्यांनी मला विचारलं, “आजी दुपारी काय खाणार?”

मला उत्तर देता येईना. मग त्यांनी मला सगळीकडे फिरवलं. आहार मऊ करायचा तर डॉक्टरांची ऑर्डर लागते, म्हणून नर्सकडे. स्वयंपाकघरातलं कार्ड बदलायला हवं, म्हणून डाएटिशियनकडे. गिळायला त्रास होईल का, हे बघायला स्पीच थेरपिस्ट. आजींच्या मुलीला फोन करायला सोशल वर्कर, आणि तो फोन आजच जायला हवा, कारण रविवारी भेटायला आल्यावर तिला कळलं तर तक्रार झालीच म्हणून समजा. नव्या कवळीचं बिल कोण भरणार, यासाठी बिझनेस ऑफिस. शेवटी नाश्त्याचे ट्रे उचलणाऱ्या मुलांशी पाच मिनिटं बोलणं: नॅपकिन उघडून बघितल्याशिवाय टाकायचा नाही. एका कवळीपायी अख्खी इमारत फिरून झाली. अमेरिकेच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत तर हे लिहूनच टाकलंय: कवळी हरवली तर तीन दिवसांच्या आत दंतवैद्याकडे पाठवण्याची व्यवस्था करायची आणि चूक नर्सिंग होमची असेल तर खर्च रुग्णाच्या माथी मारायचा नाही. परीक्षेत हा नियम विचारतील तेव्हा तुम्हाला तो पाठ करावा लागू नये, असे हजार तास मिळायला हवेत.

म्हणून प्रीसेप्टर शोधताना घराजवळचा कोण, एवढंच बघू नका. मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, केअर कंपेअर या संकेतस्थळावर बहुतेक नर्सिंग होमना एक ते पाच तारे दिलेले असतात. तपासणीत काय काय सापडलं तेही तिथे वाचायला मिळतं. मी तर पाच तारेवाल्या चकचकीत जागेपेक्षा तीन तारेवाली, धडपडणारी, पण ॲडमिनिस्ट्रेटर निदान चार-पाच वर्षं टिकून असलेली जागा निवडेन. सगळं सुरळीत चाललेल्या ठिकाणी एआयटीला शिकायला मिळतं ते हसून स्वागत कसं करायचं एवढंच.

प्रीसेप्टरला भेटाल तेव्हा लाजू नका, थेट विचारा. राज्याची तपासणी आली तर मला तपासनिसांबरोबर फिरू द्याल का? या तपासण्या न सांगता येतात आणि दोन तपासण्यांत १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू देत नाहीत. तुमच्या सहा महिन्यांत एक आली तर नशीब समजा. महिनाअखेरचे आकडे दाखवाल का? नर्सिंगच्या वेळापत्रकावर बसवाल का? कॅलिफोर्नियात प्रत्येक रुग्णामागे दिवसाला किमान साडेतीन तासांची थेट शुश्रूषा द्यावी लागते आणि त्यातले २.४ तास सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचे हवेत. शनिवारी संध्याकाळी दोघींनी फोन करून “येत नाही” सांगितलं की हे गणित कसं जुळवतात, ते पुस्तकात कुठेही नाही. रात्रपाळी बघू द्याल का, हेही विचारा. या प्रश्नांवर माणूस चुळबुळ करायला लागला, किंवा “आमची रिसेप्शनिस्ट सोडून गेलीय, सुरुवातीला तिथेच बसा” म्हणाला, तर चहा पिऊन उठा.

तुमच्या सहा वर्षांच्या अनुभवाविषयी थोडं कडू बोलते. तो उपयोगी आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. हॉस्पिटलात रुग्ण पाच दिवसांनी घरी जातो. इथे काहींचं तेच घर असतं. खोलीत कुणाचा फोटो लावायचा, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, बाहेरून आणलेली मिठाई मधुमेह असूनही खायची की नाही, हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्यापासून केंद्राचे सगळे नियम याच हक्कांभोवती उभे आहेत. हॉस्पिटलातून आलेले मॅनेजर नेमके इथेच ठेचकाळतात. मीही ठेचकाळले होते.

परीक्षांचं फार मनावर घेऊ नका. देशपातळीवरची परीक्षा नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ लाँग टर्म केअर ॲडमिनिस्ट्रेटर बोर्ड्स, घेते. तिचे दोन भाग आहेत, एक सगळ्यांना सामाईक आणि दुसरा खास नर्सिंग होमचा. त्यावर कॅलिफोर्नियाच्या कायद्यांची वेगळी परीक्षा. बोटांचे ठसे द्यायचे, पार्श्वभूमीची तपासणी होते. परवाना मिळाल्यावर दर दोन वर्षांनी ४० तासांचं शिक्षण पूर्ण करून नूतनीकरण. आपल्याकडे अवघड परीक्षा देऊन आलेल्या बाईला यातलं काही जड जाऊ नये.

ऑस्टिनचा प्रश्न चांगला विचारलात. परवाना राज्यापुरता असतो, नवऱ्याच्या बदलीबरोबर तो आपोआप टेक्ससला जात नाही. तिथे हेल्थ अँड ह्यूमन सर्व्हिसेस कमिशनकडे नव्याने अर्ज करावा लागतो. पण नॅबची परीक्षा देशभर चालते, त्यामुळे शून्यापासून सुरुवात नसते. चालू स्थितीतला, डाग नसलेला परवाना आणि खुर्चीवर बसून काढलेली एक-दोन वर्षं असली की काम पुष्कळ सोपं होतं. म्हणून बदली होईपर्यंत थांबू नका, आत्ताच सुरू करा. आणि एआयटीच्या तासांची विभागवार नोंद, प्रीसेप्टरच्या सहीसकट, कायम स्वतःजवळ ठेवा. दुसरं राज्य तीच मागतं आणि तोवर प्रीसेप्टर निवृत्त होऊन ॲरिझोनाला गेलेला असतो. न्यूयॉर्कहून मला वरचेवर विचारणा होते, तर त्यांच्यासाठी एवढंच: तिकडे एआयटी १२ महिन्यांची आहे आणि डिग्रीखेरीज नर्सिंग होम व्यवस्थापन, आर्थिक व्यवस्थापन, आरोग्य कायदा, जराशास्त्र आणि मनुष्यबळ या पाच विषयांची मिळून १५ क्रेडिट्स मागतात. कॅलिफोर्नियाचं वाचून तिकडे अर्ज भरू नका.

हजार तास सध्या झेपणारे नसतील, मुलं लहान असतील, तर मधला एक पर्याय आहे. ॲसिस्टेड लिव्हिंग, म्हणजे ज्यांना थोडी मदत लागते पण चोवीस तास नर्स लागत नाही, अशांची घरं. फ्रीमाँट, युनियन सिटीकडे साध्या वस्तीत सहा-सहा खाटांची अशी कितीतरी घरं आहेत, बाहेरून कळतही नाही. त्यांचं खातंच वेगळं, समाजकल्याणाचं. तिथल्या ॲडमिनिस्ट्रेटरला ८० तासांचा कोर्स आणि एक परीक्षा पुरते. पगार आणि जबाबदारी दोन्ही कमी. पण हे प्रमाणपत्र घेऊन नर्सिंग होम चालवता येत नाही, हे नीट लक्षात ठेवा. तुमच्या त्या कन्सल्टंटने हेच ८० तासांचं पुढे केलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांचा गोंधळ शब्दाचा आहे. पुण्यात नर्सिंग होम म्हटलं की खाली दहा-पंधरा खाटा आणि वर डॉक्टर दांपत्याचं घर, बाहेर ‘प्रसूतिगृह’ अशी पाटी. तिथे नोंदणी होते ती जागेची, १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली. आत कारभार बघणाऱ्या मॅनेजरला परवाना कुणी विचारत नाही. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकालाही नाही. इथे इमारतीचा परवाना वेगळा आणि ती चालवणाऱ्या माणसाचा वेगळा. १९६७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, सोशल सिक्युरिटी कायद्यात दुरुस्ती केली आणि १ जुलै १९७० पासून मेडिकेडचे (गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे हवे असतील तर प्रत्येक राज्याने ॲडमिनिस्ट्रेटरला परवाना देण्याची व्यवस्था ठेवलीच पाहिजे, असं बजावलं. म्हणजे काही झालं तर नाव तुमचं. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्या हॉलिवूड गावी एका नर्सिंग होमची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. समोरच मोठं हॉस्पिटल असताना रुग्ण उकाड्यात राहिले आणि १२ जण दगावले. ॲडमिनिस्ट्रेटरवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं खरं, पण मधली वर्षं गेलीच. सासूबाईंना हे सांगून घाबरवू नका. तुम्ही मात्र एखाद्या इमारतीची जबाबदारी घेण्याआधी तिथला जनरेटर एसीला पुरतो की नुसत्या दिव्यांना, हे स्वतः खाली उतरून बघा.

आणि ‘वृद्धाश्रम’ म्हटल्याचा राग मानू नका. गुडघा बदललेले, पक्षाघातानंतर पुन्हा चालायला शिकणारे, नळीने अन्न घेणारे, असे लोक तिथे असतात. बरेच जण काही आठवड्यांनी घरी जातात. सासूबाई इकडे आल्या की शेजारच्या आजोबांकडे त्यांना एकदा बरोबर घेऊन जा. बाकीची ओळख त्या आपल्या आपण करून घेतील, माझ्या आईने तशीच घेतली होती. तिसऱ्या दिवशी ती तिथल्या एका पंजाबी आजींना लसूण चटणीची कृती सांगत बसली होती.

ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज मात्र याच आठवड्यात टाका. पुढे गणपती आहेत, मग विद्यापीठाच्या खिडकीवर कोण भेटतंय!